हलच्या संग्रहालयातलं ‘ब्रुक्स’

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनवरून हलला थेट गाडी आहे. यॉर्कशायरला येणारे बहुतेक लोक यॉर्क बघून परततात, हलकडे फारसं कुणी वळत नाही. मला मात्र हललाच यायचं होतं, आणि तेही एक जहाज बघायला.

जुन्या गावातल्या हाय स्ट्रीटवर, हल नदीला लागून, लाल विटांचं एक घर आहे. गुलामांचा व्यापार बंद व्हावा म्हणून ब्रिटिश संसदेत वर्षानुवर्षं लढलेला विल्यम विल्बरफोर्स १७५९ साली याच घरात जन्मला. घराण्याचा पैसा बाल्टिक समुद्रावरच्या व्यापारातला. गुलामांच्या जहाजांची बंदरं वेगळी होती : लिव्हरपूल, ब्रिस्टल, लंडन. १९०६ पासून या घरात संग्रहालय आहे.

इथे ‘ब्रुक्स’ या जहाजाची लाकडी प्रतिकृती ठेवली आहे. विल्बरफोर्सने ती खासदारांना दाखवली होती. तिच्या डेकवर माणसांच्या छापील आकृत्या चिकटवल्या आहेत. काळ्या, एकसारख्या, दाटीने आडव्या मांडलेल्या.

मूळ जहाज १७८१ साली लिव्हरपूलला बांधलं गेलं. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसं विकत घ्यायची, अटलांटिकपलीकडे जमैकाला नेऊन विकायची, आणि परत यायचं, हा त्याचा धंदा. माणसांच्या बदल्यात या व्यापारात जो माल दिला जाई, त्यात आपल्या हिंदुस्थानात विणलेलं सुती कापडही भरपूर असे. हे वाचल्यावर ही गोष्ट फक्त इंग्रजांची आणि आफ्रिकेची आहे असं मला म्हणवेना.

१७८८ मध्ये सरकारने लिव्हरपूलची जहाजं मोजायला कॅप्टन पॅरी या नौदल अधिकाऱ्याला पाठवलं. त्या मापांवरून गुलामीविरोधी कार्यकर्त्यांनी ‘ब्रुक्स’चा नकाशा छापला. पुरुषाला जागा ६ फूट लांब, १६ इंच रुंद. मुलीला साडेचार फूट लांब आणि फक्त १ फूट रुंद. मी तिथेच उभा राहून वितीने मोजलं. सोळा इंच म्हणजे जेमतेम दोन वीत, माझे खांदेही त्यात मावत नाहीत. मधे फळ्यांचे माळे टाकून आणखी माणसं निजवत, त्यामुळे डोक्यावर उंची उरे अडीच फुटांच्या आसपास. उठून बसणंही अशक्य.

१७८९ मध्ये लंडनला छापलेल्या जहाजाच्या नकाशात ४८२ माणसं दाखवली आहेत. पण खाली छापलेला मजकूर वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. याच जहाजाने आधीच्या एका सफरीत ६०९ जण नेले होते : ३५१ पुरुष, १२७ स्त्रिया, ९० मुलगे, ४१ मुली. म्हणजे ज्या चित्राने इंग्लंड हादरलं, ते खऱ्यापेक्षा सौम्य होतं.

आणि ते फार नीटनेटकंही आहे. त्यात समुद्र हलत नाही, कुणी आजारी नाही, कुणाला चेहरा नाही. तो चेहरा मला सापडला तो थॉमस ट्रॉटरच्या साक्षीत. १७८३-८४ च्या सफरीत हा तरुण ‘ब्रुक्स’वर डॉक्टर होता. १७९० मध्ये त्याने संसदेच्या समितीला सांगितलं, की खाली कुणाच्या ना कुणाच्या अंगावर पाय दिल्याशिवाय चालता येत नसे आणि लोक श्वासासाठी धडपडत. चेटकाचा आळ घेऊन कुटुंबासकट विकल्या गेलेल्या एका माणसाबद्दलही तो बोलला. त्या माणसाने गळा चिरून घेतला. ट्रॉटरने टाके घातले. रात्री त्याने ते उपटून काढले. गोऱ्यांबरोबर जाणार नाही, एवढंच तो म्हणत राहिला. मग त्याने अन्न सोडलं आणि काही दिवसांत तो गेला. साक्षीत त्याचं नाव नाही. विल्बरफोर्सचा पुतळा दारातच उभा आहे, आणि तो असावाच. पण ‘नाही’ म्हणणारा पहिला माणूस संसदेत नव्हता, जहाजाच्या पोटात होता.

१७८८ च्याच डॉल्बेन कायद्याने ‘ब्रुक्स’ला ४५४ माणसांची मर्यादा घातली. व्यापारावर बंदी यायला १८०७ उजाडलं. मधल्या काळात नकाशा घराघरांत भिंतीवर लागला होता, आणि हे जहाज माणसं भरून अटलांटिक ओलांडतच होतं.

संग्रहालयाला तिकीट नाही. निदान अर्धा दिवस हाताशी ठेवा, आणि मुलं बरोबर असतील तर आत जाण्याआधी त्यांच्याशी थोडं बोलून घ्या.