वहिनींची शाळा

शाळेच्या कमानीवरची ‘लक्ष्मीबाई’ म्हणजे झाशीची राणी, असंच आम्हा पोरांना वाटायचं. तिसरीत असताना गुरुजींनी विचारलं, ‘आपल्या शाळेला कुणाचं नाव आहे?’ सगळ्या वर्गाने एका सुरात राणीचं नाव घेतलं. गुरुजी रागावले नाहीत. गणिताची वही मिटून ते उठले, कार्यालयातली तसबीर काढून आणली आणि टेबलावर टेकवून ठेवली. हातात ना तलवार, ना पुस्तक.

‘या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी. वसतिगृहातली मुलं यांना वहिनी म्हणायची.’

मग तो तास आणि पुढचाही तास गुरुजी बोलत राहिले. कराडजवळच्या काले गावात ४ ऑक्टोबर १९१९ रोजी रयत शिक्षण संस्था निघाली आणि १९२४ साली ती साताऱ्याला आली. तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातिधर्मांची मुलं एकाच पंगतीला बसायची. महात्मा गांधींच्या हस्ते २५ फेब्रुवारी १९२७ रोजी त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. हे सारं आम्ही पुढे पाठही केलं. पण त्या दिवशी मनात रुतलं ते वेगळंच. सोवळंओवळं पाळणाऱ्या घरात वाढलेली एक बाई परक्यांच्या लेकरांसाठी चुलीपुढे बसली. अंगावरचे दागिने एकेक करून मुलांच्या पोटापायी गेले. एकदा कोठीत दाणा उरला नाही, भाऊराव बाहेरगावी होते. वहिनींनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं आणि मुलांना जेवू घातलं. आमच्या आयांच्या गळ्यातले काळे मणी आम्ही रोज बघत होतो, त्यामुळे मंगळसूत्र देणं म्हणजे काय, हे आम्हाला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. वर्ग गप्प झाला होता.

१९३० साली वहिनी गेल्या. प्राथमिक शिक्षक घडवणारं साताऱ्याचं ट्रेनिंग कॉलेज १९३५ सालचं. त्यानंतर संस्थेने खेडोपाडी शेकडो व्हॉलंटरी शाळा काढल्या. देवळात, चावडीत, मिळेल त्या छपराखाली एक शिक्षक आणि चार इयत्ता. आमची शाळाही अशीच देवळाच्या ओवरीत भरू लागली. ज्यांच्या दागिन्यांवर संस्थेने पहिली वर्षं काढली, त्यांना यातली एकही शाळा बघायला मिळाली नाही. मला याची हळहळ आजही वाटते. पुढे गावाने शाळेला त्यांचं नाव दिलं, हा या गावाचा मोठेपणा मी मानतो.

चौथीच्या स्कॉलरशिपला आम्ही सातजण बसलो होतो. रात्री शाळेतच अभ्यास, तिथेच झोप. कंदील गुरुजींचा, पण त्याची काच रोज संध्याकाळी राखेने घासून लख्ख करायच्या त्या गुरुजींच्या पत्नी. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. आमच्यातल्या दोघांचे आईबाप ऊसतोडीला गेले होते आणि घरी म्हातारी आजी. त्या दोघांची भाकरी चार महिने काकूंच्या घरून आली. ती कोरडी आली नाही की उशिरा आली नाही. आम्ही बाकीचे घरून जेवून यायचो, तरी काकू डब्यात दोन भाकऱ्या जास्तीच्या घालायच्या, म्हणजे खाताना त्या दोघांना एकटं वाटू नये. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मी स्वतः शिक्षक झालो, उपाशीपोटी बाकावर डोकं टेकणारं पोर समोर बघितलं, तेव्हा कळलं.

त्या दोघांपैकी एकाला स्कॉलरशिप मिळाली. निकाल ऐकून तो आधी काकूंच्या दारात गेला, मग आजीकडे.

अमृतमहोत्सवाच्या या अंकात आजवरच्या सर्व मुख्याध्यापकांची आणि शिक्षकांची यादी छापली जाणार आहे. त्यात आमचे गुरुजी असतीलच. काकूंची नोंद शाळेच्या कुठल्याच रजिस्टरात नाही. संपादक मंडळाला माझी विनंती आहे, गुरुजींच्या नावाखाली एक ओळ मोकळी ठेवा. त्यांचं नाव आम्ही त्या वेळचे सातजण सांगू.