हमी देणाऱ्याने विचारावं

बँकेच्या कर्जखात्यात नोकरी झाली. त्यामुळे कुठल्याही मोठ्या कर्जाची बातमी वाचली की आधी मनात येतं, जामीनदार कोण? जागतिक बँकेच्या बाबतीत उत्तर सरळ आहे: सदस्य देशांची सरकारं. कबूल केलेल्या भांडवलातला थोडाच भाग त्यांनी रोख भरलेला असतो, बाकीची नुसती हमी. त्या हमीवर बँक रोखेबाजारातून स्वस्तात पैसा उचलते. गरीब देशांना सवलतीचं कर्ज देणाऱ्या, जागतिक बँकेच्याच आयडीए या संस्थेचं मात्र तसं नाही. तिची तिजोरी साधारण दर तीन वर्षांनी भरावी लागते, आणि अमेरिकेचा वाटा तिथल्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, मंजूर केल्याशिवाय येत नाही.

या मंजुरीत किती ताकद असते, ते आपल्या नर्मदेवरून कळतं.

१९८५ मध्ये सरदार सरोवरासाठी बँकेने ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. बुडिताखाली येणाऱ्या गावांत महाराष्ट्रातली ३३, आणि त्यांत सगळ्यात आधी पाणी येणार ते अक्कलकुवा तालुक्यातल्या मणिबेलीत. १९८९ मध्ये मेधाताई पाटकरांनी वॉशिंग्टनमध्ये काँग्रेसच्या एका उपसमितीपुढे साक्ष दिली. सातपुड्यातल्या पाड्यांचं म्हणणं अमेरिकन खासदार ऐकून घेत होते, कारण पैसा त्यांच्या करदात्यांचा होता. पुढे बँकेने प्रकल्पाच्या तपासणीसाठी स्वतंत्र मोर्स समिती नेमली. जून १९९२ च्या अहवालात समितीने स्पष्टच लिहिलं, की आहे त्या परिस्थितीत सगळ्यांचं नीट पुनर्वसन शक्य नाही, बँकेने मागे यावं. ऑक्टोबरमध्ये संचालक मंडळात अमेरिका, जपान, जर्मनी विरोधात गेले, तरी बहुमताने कर्ज चालू राहिलं. मार्च १९९३ मध्ये उरलेल्या रकमेवर भारतानेच पाणी सोडलं.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं. बार्नी फ्रँक हे काँग्रेसमधल्या संबंधित उपसमितीचे अध्यक्ष होते. प्रकल्पांची कागदपत्रं खुली करा आणि तक्रार ऐकणारी स्वतंत्र यंत्रणा उभी करा, नाहीतर आयडीएचे पैसे अडतील, असा पेच त्यांनी टाकला. सप्टेंबर १९९३ मध्ये बँकेने इन्स्पेक्शन पॅनेल स्थापन केलं. पहिली तक्रार नेपाळच्या अरुण-३ धरणाची आली आणि १९९५ मध्ये बँकेने त्यातून अंग काढून घेतलं.

अमेरिकेला आदिवासींचा फार कळवळा आला होता, असं मी म्हणणार नाही. १९९८ मध्ये पोखरणनंतर हाच लगाम आपल्यावर ओढला गेला आणि आपली कर्जं लांबणीवर पडली. आणि सरदार सरोवर? ते बँकेच्या पैशाविना पुरं झालंच. २०१७ मध्ये लोकार्पणही झालं.

तरी पैसा देणाऱ्याने जाब विचारायचा असतो, हे तत्त्व मला पटतं. कारण आता पैसा देणारे आपणही आहोत. जागतिक बँक जिथे ठरली त्या १९४४ च्या ब्रेटन वूड्स परिषदेला आपले चिंतामणराव देशमुख गेले होते, आणि भारत बँकेचा संस्थापक सदस्य आहे. पूर्वी आयडीएकडून घेणारे आपण आता तिला देणाऱ्यांतही आलो. शिवाय आपली सरकारी एक्झिम बँक शेजारी आणि आफ्रिकी देशांना कर्जं देते. सरकारच्या पतपुरवठा योजनेत सवलतीच्या व्याजातला फरक आपलं सरकार भरतं आणि साधारणपणे पाऊण माल भारतातूनच घ्यायची अट असते.

त्यावर लोकसभेत किती चर्चा होते? बहुतेक मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या गिलोटिन लावून, म्हणजे चर्चेविनाच, एका झटक्यात मंजूर होतात. जागतिक बँकेतल्या आपल्या कार्यकारी संचालकाकडे भारताबरोबर बांगलादेश, भूतान आणि श्रीलंकेचंही मत असतं. कुठल्या प्रकल्पाला त्यांनी काय मत दिलं, ते संसदेपुढे यायला हवं. अमेरिकेचं अर्थखातं स्वतःच्या मतांची यादी जाहीर करतं, आपल्या अर्थमंत्रालयाला काय अडचण आहे?

बांगलादेशातलं रामपालचं औष्णिक वीज केंद्र घ्या. १३२० मेगावॉट, कोळशावर चालणारं, सुंदरबनच्या जवळ. एक्झिम बँकेचं कर्ज १६० कोटी डॉलर. २०१६ मध्ये युनेस्कोच्या पाहणी पथकाने ते दुसरीकडे हलवा म्हणून सांगितलं, पण केंद्र तिथेच उभं राहिलं. तिथल्या एखाद्या मच्छीमाराला या कर्जाबद्दल दिल्लीत येऊन साक्ष द्यायची असेल, तर आपल्या संसदेची कुठली समिती त्याला बोलावणार आहे?