पाऊण इंची एल्बोची तीन नावे

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचे नळजोडणीच्या सामानाचे दुकान आहे. सीपीव्हीसी व यूपीव्हीसी हे प्लास्टिकचे आणि जीआय हे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे असे तीन जातींचे पाइप, त्यांचे एल्बो (पाइप वळवणारे जोड), टी, कपलर, रिड्यूसर, युनियन आणि एंड कॅप, प्रत्येकाचे सहा-सात साइज आणि त्यात पुन्हा दोन-तीन कंपन्या असा हिशेब मांडला, तर बाहेरून लहान दिसणाऱ्या या दुकानात शेकडो वस्तू भरतात. वडिलांच्या काळात हा सगळा माल त्यांच्या आणि आमच्याकडे २२ वर्षे काम करणाऱ्या मामांच्या डोक्यात असे. पुढे मी संगणकावर बिले करू लागलो आणि आता साठा आपोआप कळेल, असे मला वाटले.

तसे झाले नाही. एके दिवशी भर गर्दीत मामा आतून म्हणाले, "दादा, पाऊण इंची एल्बो संपलाय." संगणक तर १४० नग शिल्लक दाखवत होता. रात्री दुकान बंद केल्यावर मी यादी ओळीने वाचली, तेव्हा तोच एल्बो तीन नावांनी सापडला: 'एल्बो ३/४', 'एल्बो पाऊण' आणि 'एल्बो २० एमएम'. खरेदीची नोंद एका नावावर पडत होती आणि विक्री, काउंटरवर जो असेल त्याला जी ओळ आधी दिसेल तिच्यावर पडत होती, त्यामुळे एका नावाची शिल्लक फुगत गेली होती आणि दुसऱ्याची शून्याच्या खाली गेली होती. चोरी नव्हती, मोजणीचा हलगर्जीपणाही नव्हता. एका वस्तूला एकच नाव नव्हते, एवढेच त्याचे कारण होते.

यावर उपाय म्हणून मी बारकोडकडे वळलो. बारकोड लावायचा म्हणजे स्कॅनर विकत आणायचा, असे बहुतेक दुकानदार समजतात. प्रत्यक्षात स्कॅनर हा यातला सर्वांत सोपा भाग आहे. तो कीबोर्डसारखाच संगणकाला जोडला जातो, रेघा वाचून तो आकडा टाइप करतो आणि बहुधा शेवटी एंटर दाबतो. त्या रेघांमध्ये वस्तूचे नाव नसते, किंमत नसते, शिल्लकही नसते. तिथे फक्त एक क्रमांक असतो आणि बाकीचे सगळे आपल्या संगणकातील यादीत असते. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, ट्रॉय या गावच्या सुपरमार्केटमध्ये च्युइंगमचे पाकीट पहिल्यांदा अशा रीतीने स्कॅन झाले, तेव्हाही पद्धत हीच होती. म्हणून यादीच गोंधळाची असेल, तर स्कॅनर तोच गोंधळ अधिक वेगाने वाढवतो.

पाकीटबंद मालावर बहुधा कंपनीचा १३ आकडी बारकोड असतो. त्याची सुरुवात ८९० ने झाली, तर तो क्रमांक बारकोडचे क्रमांक देणाऱ्या जीएस१ इंडिया या संस्थेकडे नोंदलेल्या कंपनीचा असतो. माल भारतातच तयार झाला, असा त्याचा अर्थ होत नाही. शेवटचा आकडा पडताळणीचा असतो. नमुन्यादाखल ८९०१२३४५६७८९ हे बारा आकडे घ्या. डावीकडून विषम जागांवरच्या आकड्यांची बेरीज २८ येते. सम जागांवरच्या आकड्यांची बेरीज ३४ येते आणि तिची तिप्पट १०२ होते. दोन्ही मिळून १३० झाले. पुढच्या दहाच्या पटीला काहीच कमी पडत नाही, म्हणून तेरावा आकडा शून्य. हाताने क्रमांक भरताना एक आकडा चुकला, तर ही बेरीज जुळत नाही आणि चूक तिथेच अडते. कंपनीचा क्रमांक असेल तिथे तोच वापरावा, त्यावर आपला दुसरा चिकटवू नये, या मताचा मी आहे.

परंतु आमचा निम्म्याहून अधिक माल सुटा विकला जातो. ५० एल्बोंच्या पिशवीवर बारकोड असतो, पण गिऱ्हाईक चार एल्बो मागते. त्यामुळे स्वतःचे कोड करणे भागच होते आणि तिथे मी पहिल्या वर्षी मोठी चूक केली. कोडमध्ये मी रॅकचा क्रमांक घातला आणि वडील खरेदीची किंमत ज्या दहा अक्षरी गुप्त शब्दाच्या अक्षरांत (प्रत्येक अक्षर म्हणजे एक आकडा) लिहीत, तीही त्यात बसवली. कोड वाचला की माल कुठे आहे आणि केवढ्याला पडला आहे हे कळेल, असा माझा विचार होता. पुढे पावसाळ्यात एका भिंतीला ओल आली म्हणून दोन रॅक हलवावे लागले, त्याच सुमारास खरेदीचे भावही बदलले आणि शेकडो कोड एकदम खोटे ठरले.

आताचा कोड आठ आकडी आहे. ११०३२००२ यात ११ म्हणजे सीपीव्हीसी, ०३ म्हणजे एल्बो, २० म्हणजे २० मिलिमीटर आणि शेवटचे ०२ म्हणजे कंपनी. वस्तूच्या जन्मापासून जे बदलत नाही, तेवढेच कोडमध्ये ठेवले आहे. भाव, रॅक आणि पुरवठादार हे यादीतील वेगळ्या रकान्यांत गेले. सुरुवात शून्याने कधीही करत नाही, कारण एक्सेलमध्ये पुढचे शून्य गळून पडते. रिड्यूसरला दोन साइज असतात, तेव्हा दोन आकड्यांची जागा अपुरी पडली. त्यासाठी ५१ पासून पुढचे क्रमांक राखून ठेवले आणि २५ बाय २० ला ५१ दिला. जीएसटीसाठी लागणारा एचएसएन क्रमांक कोड म्हणून का वापरत नाही, असे मला एका मित्राने विचारले होते. प्लास्टिकचे पाइप आणि त्यांची सगळी फिटिंग ३९१७ याच शीर्षकाखाली येतात; तो क्रमांक करासाठी ठीक आहे, पण एल्बो आणि टी त्याला सारखेच दिसतात.

एल्बोच्या गोलाईवर लेबल टिकत नाही, म्हणून लेबल मालावर न लावता खणावर लावले. कोड १२८ या पद्धतीच्या रेघा, त्याखाली आकडे आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत 'पाऊण इंची एल्बो'. मामांना वाचता आले पाहिजे, ही माझी अट होती. पाइपांसाठी त्यांचे कोड छापलेला एक लॅमिनेट केलेला कागद काउंटरवर ठेवला आहे. दर्शनी भागातील लेबले पहिल्याच उन्हाळ्यात काळवंडली, कारण ती उष्णतेने काळ्या होणाऱ्या कागदावर छापलेली होती. आता तिथे शाईच्या रिबनने छापलेली लेबले वापरतो.

पाकीटबंद मालात एक अडचण राहतेच. भाव वाढला की नव्या पाकिटावर एमआरपी बदलते, पण बारकोड तोच असू शकतो. तेव्हा स्कॅन केल्यावर दोन्ही एमआरपी पडद्यावर याव्यात आणि विकणाऱ्याने पाकिटावरची पाहून निवडावी, अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे की नाही, हे ते घेण्यापूर्वीच विचारावे. आम्ही ते विचारले नव्हते आणि पाइप चिकटवण्याच्या सॉल्व्हंट सिमेंटचे कितीतरी जुने डबे नव्या भावाने बिलात गेले. ज्या गिऱ्हाइकांनी ते लक्षात आणून दिले, त्यांचे पैसे परत केले.

वर्षातून एकदा, ३१ मार्चला, दुकान बंद ठेवून सगळा माल मोजण्याची रीत आम्ही सोडलेली नाही, परंतु तिच्या जोडीला आता रोज दुपारी दहा खण मोजतो. फरक त्याच आठवड्यातला असला की कारण आठवते. वर्षभरानंतर आठवत नाही. पाऊण इंची एल्बो दिवसाला सरासरी ३० जातात आणि माल यायला चार दिवस लागतात, म्हणून १२० आणि वर दोन दिवसांचे ६० असे धरून १८० वर आले की मागणी नोंदवतो.

जीआय फिटिंगचे दोन रॅक अजून राहिले आहेत. तेलकट हातांनी हाताळलेल्या त्या खणांवर लेबल धरत नाही, त्यामुळे पत्र्याच्या पट्ट्या कापून त्यावर लेबले लावायची आणि त्या तारेने खणाला बांधायच्या, असे मामांनी सुचवले आहे. पहिल्या २४ पट्ट्या त्यांनी कालच कापून दिल्या.