मोपाला पोचले, विमान दाबोळीहून होतं! माझा अनुभव

गोव्यात दोन विमानतळ आहेत, उत्तरेला मोपा आणि दक्षिणेला दाबोळी. मे महिन्यात सावंतवाडीहून बंगळूरला परत निघाले होते. येताना मोपाला उतरले होते त्यामुळे जाताना पण मोपाच असं डोक्यात पक्कं. पावणेएकला गेटवर सीआयएसएफच्या जवानाने तिकीट बघितलं आणि म्हणाला, मॅडम ये दाबोळिम का है. तिकिटावर बारीक अक्षरात जीओआय होतं, म्हणजे दाबोळीचा कोड, मोपाचा कोड जीओएक्स. बुकिंग करताना काही साईटवर नुसतं गोवा टाकलं की दोन्हीकडची विमानं एकाच यादीत येतात, तिथेच घात झाला.

नशीब मामा अजून पार्किंगमध्येच होता. मी घाईघाईत मोबाईलवर दोन्ही विमानतळांमधलं अंतर शोधलं, पहिल्याच साईटवर ४० किमी, वर विमानाने किती मिनिटं लागतील तेही! अहो या दोघांमध्ये कोण विमानाने जातं? मी मामाला म्हटलं पाऊण तासात पोचू. ते ४० म्हणजे नकाशावर पट्टी ठेवून मोजलेलं सरळ अंतर, रस्त्याने साठच्या वर जातं हे गाडीत बसल्यावर कळलं. अशी साईट अजिबात धरू नका, मॅपवर त्या वेळेचा ट्रॅफिक बघा.

विमान ३.५० चं, बॅग द्यायची खिडकी २.५० ला बंद. धारगळ, कोलवाळ, म्हापसा भरभर गेलं. आणि मग पर्वरी. तिथे उड्डाणपुलाचं काम चालू, हायवेचा रस्ता पत्रे लावून अर्धा केलेला, समोर खडीचा डंपर आणि आमच्या बाजूला एक स्कूटरवाला, तोही हलेना. मॅपवर पोचायची वेळ २.२० होती ती २.३०, मग २.३८, मी नुसती तो आकडा बघत बसलेले. मामा काही बोलत नव्हता, फक्त गिअर टाकायचा, चार हात पुढे, परत न्यूट्रल. मागच्या बॅगेत आईने दिलेलं कोकम आगळ आणि कुळथाचं पीठ, म्हणजे बॅग सोडून नुसती पळत आत जाऊ तर तेही नाही. पाऊण तास गेला हो तिथे, जेमतेम दोन-तीन किलोमीटरसाठी! इतकी चिडचिड मला आयुष्यात कधी झाली नव्हती. सर्व्हिस रोडला वळू नका, आमच्या पुढचे दोघं वळले आणि पुढे परत आमच्याच मागे येऊन लागले.

पणजीला मांडवीवरच्या अटल सेतूवर चढलो तेव्हा २.०५. पुढे आगशी, झुआरीचा नवीन पूल, एकदम मोकळा. पूर्वी कुठ्ठाळीला जो खोळंबा व्हायचा तो आता राहिला नाही. २.४४ ला मी खिडकीसमोर. मामा म्हणाला होता घरातून तीन तास आधीच्या हिशोबाने निघायचं, मी कुरकुरले होते, त्यानेच वाचवलं.

आणि हो, वेब चेक-इन आदल्या रात्रीच करा, आणि बोर्डिंग पासवर विमानतळ कुठला ते नीट बघा, मला तेव्हाच कळलं असतं.

बंगळूरला उतरल्यावर मामाला फोन केला. तो परतताना पर्वरीत पुन्हा अडकला होता, आत्ता कुठे कोलवाळला चहाला थांबला होता.