पहिला सर्फबोर्ड: साईज कसा ठरवला

आमच्या गोव्यातल्या मांद्रे-आश्वे भागात सीझन संपत आला की परत जाणारे पाहुणे सर्फिंगचे, म्हणजे लाटांवर स्वार व्हायचे, बोर्ड विकून जातात, स्वस्तात मिळतात, पण विकायला येणारे बहुतेक बोर्ड मुरलेल्या लोकांचे असतात, सहा फुटी, टोकदार, दिसायला एकदम झकास. मला पण असाच एक सांगून आला. मावसभाऊ मागेच लागला, घेऊन टाक रे, स्कूटरला सहज लागेल, घरात मावेल, तू तरी कुठे सहा फुटांच्या वर आहेस. मी म्हटलं थांब जरा, आधी शिकवणाऱ्याला विचारतो मग बघू.

तर पहिली गोष्ट, उंची डोक्यातून काढून टाका. शिकाऊ माणसाचा हिशोब मुख्य वजनावर चालतो. बोर्डावर, बहुतेक खालच्या बाजूला, बारीक आकडे असतात, लांबी रुंदी जाडी, आणि हल्लीच्या बोर्डांवर लिटर पण लिहिलेले असतात. लिटर म्हणजे बोर्डाचं आकारमान, तो तुम्हाला किती तरंगवणार ते त्यावरून कळतं. ढोबळ मानाने जितके किलो वजन तितके लिटर तरी पाहिजेत, जास्त असले तर उत्तमच. माझं वजन ७४ किलो आणि त्या सहा फुटीवर लिहिलेलं २९ लिटर, म्हणजे विषयच संपला.

कारण काय तर लाट पकडायची म्हणजे तिच्या वेगाच्या जवळपास पोचावं लागतं, लहान बोर्ड आपल्या वजनाने अर्धा पाण्याखाली जातो, मग कितीही हात मारा, खांदे भरून येतात आणि लाट खालून निघून जाते. त्यात आपल्याकडे नोव्हेंबर ते मार्च लाटा छोट्या, बऱ्याचदा कंबरेच्या आतच, ढकलायला जोर कमी. मोठ्या समुद्रात लहान बोर्डावर जी मजा येते ती इथे जानेवारीत शोधून सापडायची नाही.

मी सरळ भाड्याने घेऊन घेऊन बघायचं ठरवलं, आणि ते सकाळीच, कारण दुपारी समुद्रावरून वारा सुटला की पाणी सगळं खडबडीत होतं आणि बोर्ड वाईट की पाणी वाईट तेच कळत नाही. नऊ, आठ आणि सात फूट, तिन्ही फोमचे. फोमचाच का, तर बोर्ड उलटून डोक्यात बसतोच कधीतरी, तेव्हा कडक फायबरपेक्षा मऊ असलेला बरा.

शिकवणाऱ्याने पाण्यात शिरायच्या आधी वाळूवरच बोर्डावर पालथं झोपवलं, मग कमरेभर पाण्यात परत तेच. पुढचं टोक पाण्याच्या दोन-तीन बोटं वर राहिलं पाहिजे. मागे सरकलं की शेपूट बुडून ब्रेक लागल्यासारखा होतो, पुढे सरकलं की लाटेवर टोक खाली घुसतं आणि आपण कोलांटी. नऊ फुटीवर मी कुठेही झोपलो तरी चालत होतं, आठवर जागा शोधावी लागली पण सापडली, सातवर श्वास घेतला तरी डुगडुगत होता.

नऊ फुटी सगळ्यात सोपा यात वाद नाही, लाटा पण त्यावरच जास्त मिळाल्या. पण फुटलेल्या लाटांच्या फेसातून बाहेर न्यायला जड, आणि आडवा झाला की लाट तो अंगावर फेकते. शिवाय घरी बलकावाच्या, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओट्याच्या, छपराखाली टांगायला जागा आठ-साडेआठ फुटांचीच, पावसाळ्यात समुद्रात उतरू देत नाहीत म्हणजे चार महिने तिथेच राहणार, आणि उन्हात ठेवला तर फोम सुटायला लागतो. तुमचं वजन ८५-९० असेल तर मात्र जागेचा विचार सोडा आणि नऊच घ्या.

शेवटी आठ फुटी घेतला, साडेबावीस इंच रुंद, सव्वातीन जाड, ८० लिटर, सेकंडहँडच. रुंदीकडे पण बघा बरं का, उभं राहताना खरा आधार तिचाच असतो, फक्त एवढा रुंद बोर्ड काखेत मावत नाही, डोक्यावर घेऊन चालावं लागतं, लोक बघतात, बघू देत. घेताना अंगठ्याने सगळीकडे दाबून बघितलं, कुठे पोकळ लागतं का, खालच्या बाजूला आडवी घडी पडली आहे का, कारण घडी म्हणजे आतून मोडलेला. पायाला बांधायची दोरी त्याच्याबरोबर सहा फुटी होती, ती बदलून आठची घेतली, दोरी साधारण बोर्डाएवढी लागते, आखूड असली की पडल्यावर बोर्ड झटक्याने आपल्याकडेच येतो.

सात फुटी कधी घेऊ असं विचारलं तर शिकवणारा म्हणाला, न फुटलेली लाट मी न ढकलता पकडायला लागलास आणि तिच्यावर सरळ किनाऱ्याकडे न येता आडवा जायला लागलास की ये, तोपर्यंत हाच.