संत्र्याची साल नापास, आजीचं लुगडं पास

वरूडकडच्या आमच्या गावात आंबिया बहाराची संत्री उतरली की घरोघरी सालीचे ढीग पडतात. दिवाळीत पणतीपाशी साल पिळली की तडतड ठिणग्या उडतात, हा खेळ लहानपणी सगळ्यांनीच खेळलाय. यंदा माचिस न वापरता चकमकीच्या ठिणगीने जाळ करायला शिकतोय, म्हणून पेटवणाचा पहिला मान सालीला दिला. आठ दिवस टिनावर वाळवली, कुस्करली आणि वर चकमक झाडली. काहीच नाही. पन्नासेक घाव घातले, बोट सोलून निघालं.

मग तीच साल काडीच्या जाळावर धरली, तर फुरफुरत जळत राहिली. सालीतलं तेल पेटतं, पण त्याला आधी जाळ लागतो. ठिणगी धरणारं पेटवण वेगळं आणि जाळ धरणारं वेगळं, हे कळायला माझा अर्धा हिवाळा गेला.

कापसाच्या गावात राहून कापूसही फसला, याची जास्त लाज वाटली. जुन्या गादीतला पिंजलेला कापूस फेरो रॉडने, म्हणजे खरवडली की ठिणग्या पाडणाऱ्या धातूच्या कांडीने, भप्पकन पेटतो, कारण त्या ठिणग्या ३००० अंशांच्या आसपास तापतात. माझी चकमक म्हणजे मोडक्या कानशीचा तुकडा आणि नदीतली गारगोटी. दगड पोलादाचे बारीक कण खरवडतो आणि ते कण हवेत जळतात. ही ठिणगी फेरोपेक्षा खूप थंड. तिला जळका कपडाच लागतो.

तो असा केला: बुटाच्या पॉलिशची रिकामी डबी, झाकणाला खिळ्याने एक भोक, आत आजीच्या फाटक्या सुती लुगड्याचे तुकडे. डबी चुलीतल्या निखाऱ्यांवर ठेवली. भोकातून पांढरा धूर येतो, तो थांबला की उतरवायची. पहिल्या खेपेला मी घाईने गरम डबीच उघडली. हवा लागली आणि सगळे तुकडे लालबुंद होऊन डोळ्यांदेखत राख झाले. आजी कोठ्यातून येता येता म्हणाली, "माचिस संपली काय बाप्पा घरातली?"

दुसऱ्या खेपेत टेरिकॉटच्या सदऱ्याची चिंधी चुकून मिसळली. ती वितळून सगळ्यांना चिकटली. आता प्रत्येक चिंधीचा एक धागा आधी जाळून बघतो. गोळा झाला तर बाद.

तिसऱ्या खेपेचे तुकडे काळेभोर आणि मऊ निघाले. चौथ्या घावाला एकावर लाल टिपका बसला आणि हळूहळू पसरत गेला. तो नारळाच्या शेंडीच्या आणि उकललेल्या सुतळीच्या घरट्यात ठेवून फुंकला. आधी डोळ्यांत धूर, मग जाळ. मग मानाने संत्र्याची साल, तिच्यावर तुराट्या, शेवटी पऱ्हाट्या. चहा झाला. साल या जागी फारच कामाची आहे, तिला मी उगाच नापास केलं होतं.

अंड्यांच्या ट्रेमध्ये लाकडाचा भुसा आणि मेणबत्त्यांची बुडखं ओतून वड्याही केल्यात. चालतात, पण त्यात मजा नाही. प्लास्टिक आणि सायकलची ट्यूब मात्र मी हातात घेत नाही. धूर विषारी, आणि चुलीवर अन्न शिजतं.

सध्या राखेच्या वळीवर अडकलोय. गादीच्या कापसात चुलीची राख भरून घट्ट वळी करायची आणि दोन फळ्यांत जोरात घासायची. आतापर्यंत वळी गरम होते, करपल्याचा वास येतो, खांदे दुखतात. निखारा नाही. फळी खडबडीत हवी की काय, ते उद्या बघतो.