कोमालात बापाचा शोध

हुआन रुल्फो यांची १९५५ सालची ‘पेद्रो पारामो’ ही मेक्सिकन कादंबरी मी जळगावच्या ऐन वैशाखात वाचली, आणि कोमाला गावाचा उकाडा खानदेशी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. मरणाऱ्या आईला दिलेल्या शब्दाखातर हुआन प्रेसियादो कधीही न पाहिलेल्या बापाच्या, म्हणजे पेद्रो पारामोच्या, शोधात तिथे येतो. पण बाप केव्हाच मेलेला असतो, आणि भेटणारी, आसरा देणारी माणसेही मृतच आहेत हे त्याला हळूहळू उमगते. मला सर्वांत अस्वस्थ केले ते आईच्या आठवणींतील हिरव्यागार गावाने. जिच्यावर जीव होता त्या पत्नीच्या, सुसानाच्या, मृत्यूनंतर गावाने जत्रा भरवली म्हणून ज्याने हाताची घडी घालून ते उपाशी मरू दिले, त्याच जमीनदार बापाकडे हा मुलगा आपला हक्क मागायला आलेला असतो.